पोटावरची गाठ आणि ड्रेसिंगच्या वहीतली चिठ्ठी

हे प्रकरण लिहायचं ठरलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लिहा, पण कौतुक नको. काय घडलं तेवढं लिहा." म्हणून घडलं तसं लिहितो आहे. रुग्णाची आणि सिस्टरांची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

दवाखाना लहान आहे. डॉक्टर मी एकटा, एक प्रशिक्षित परिचारिका आणि काउंटर सांभाळणारी एक व्यक्ती. बाहेर बसायची जागा, आत माझी तपासणीची खोली, आणि तिच्या मागे ड्रेसिंग-इंजेक्शनची खोली. या दोन खोल्यांमध्ये एक दार आहे. सकाळच्या गर्दीत ते बहुतेक वेळ बंद असतं, कारण दोन्हीकडे कुणीतरी कपडे सैल करून पडलेलं असतं. या दाराचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

फाइलमधले सोळा महिने

रुग्ण ६१ वर्षांचे निवृत्त शिक्षक. दवाखान्यात सगळे त्यांना 'सर' म्हणतात. टाइप २ मधुमेह १७ वर्षांपासून, इन्शुलिन सहा वर्षांपासून. नाश्त्याआधी आणि रात्रीच्या जेवणाआधी ३०/७० मिश्र इन्शुलिन, म्हणजे ३० टक्के लवकर आणि ७० टक्के संथ काम करणारं. ते पेनने घेतात: पेनासारखं साधन, आकडा फिरवून डोस लावायचा आणि बटण दाबून टोचायचं. जोडीला मेटफॉर्मिन, मधुमेहाची गोळी. वजन ७४ किलो, किडनीच्या तपासण्या ठीक, एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात.

सोळा महिन्यांपूर्वी त्यांचा डोस सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट होता. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.१ टक्के आली. मी डोस २८ आणि २० केला. पुढची ९.६. मग ३२ आणि २४. ती ९.४. मग ३८ आणि २८. दिवसाचे ६६ युनिट झाले आणि एचबीएवनसी ९.५ वरच बसून राहिली.

सर घरी साखर मोजून वहीत लिहितात. अक्षर सुंदर, तारखा चोख. आकडे मात्र कशाच्याच मेळात नव्हते. उपाशीपोटीची साखर एका दिवशी ९२, दुसऱ्या दिवशी २६८, मग १४१, मग ३१०. मधूनच पहाटे घाम फुटून जाग आल्याच्या दोन नोंदी. आज ती वही पाहताना वाटतं की सगळं त्यातच लिहिलेलं होतं. साखर सतत चढीच राहिली असती तर इन्शुलिन कमी पडतंय असं म्हणता आलं असतं. इथे ती कधी चढत होती, कधी कोसळत होती, याचा अर्थ टोचलेलं इन्शुलिन कधी पोहोचत होतं आणि कधी पोहोचत नव्हतं.

मी फाइलमध्ये तीन वेळा एकच शब्द लिहिला आहे: 'आहार?' तिन्ही वेळा पुढे प्रश्नचिन्ह. एकदा तर मी विचारलंही, "सर, मधेच काही खाणं होतं का?" ते म्हणाले, "नाही हो डॉक्टर." त्यांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्यांचा चेहरा पडला. "मी मोजून वाढते," एवढंच त्या म्हणाल्या. मी मान हलवली आणि डोस वाढवला. त्या दोघांवर विश्वास न ठेवण्याचं कोणतंही कारण माझ्याकडे नव्हतं. फक्त माझ्या उपचाराचा अपेक्षित परिणाम दिसत नव्हता, आणि त्याचं खापर कुठेतरी फोडायचं होतं.

या सोळा महिन्यांत मी त्यांची छाती ऐकली, पावलं तपासली, डोळे तपासायला पाठवलं. इन्शुलिन घेतात ती जागा एकदाही उघडून पाहिली नाही.

गळू आणि ड्रेसिंग

सरांच्या बेंबीच्या उजव्या बाजूला गळू झालं. मंगळवारी मी चीर देऊन पू काढला, प्रतिजैविक सुरू केलं आणि रोज ड्रेसिंगला यायला सांगितलं. ड्रेसिंग सिस्टर करतात. मी पहिल्या दिवशी जखम पाहिली, त्यानंतर "भरतेय का?" एवढं विचारून पुढे जात होतो.

गुरुवारी सकाळी चिकटपट्टी काढताना सिस्टरांनी कातडी ताणून धरली, तेव्हा जखमेपासून बरंच दूर त्यांच्या बोटांना काहीतरी घट्ट, रबरासारखं लागलं. आधी त्यांना वाटलं, पू आत पसरतोय. पण तिथे लाली नव्हती, गरमपणा नव्हता, दाबल्यावर सर कळवळले नाहीत. त्यांनी बेंबीच्या डाव्या बाजूला हात फिरवला. तिथेही तसंच.

"सर, इन्शुलिन कुठे घेता?"

"इथेच." त्यांनी दोन्ही गाठींवर बोट ठेवलं. "सकाळी उजवीकडे, रात्री डावीकडे. इथे अजिबात दुखत नाही."

सिस्टर म्हणाल्या, "या भागात आता घेऊ नका. डॉक्टर बघेपर्यंत मांडीत घ्या."

सल्ला बरोबर होता. इन्शुलिन घेणाऱ्या कुणाच्याही अशा गाठी दिसल्या की पहिली गोष्ट हीच सांगायची असते. पण तो सल्ला अर्धा होता. उरलेला अर्धा, म्हणजे डोसचं काय करायचं, हे ठरवणं माझ्याकडे होतं. त्याच वेळी माझ्या खोलीत दम लागलेलं एक तान्हं बाळ होतं. दार बंद होतं. सिस्टरांनी दार वाजवलं नाही, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही वाजवलं नसतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली: 'सरांच्या पोटावर दोन्ही बाजूंना इन्शुलिनच्या गाठी. जागा बदलायला सांगितली. डोस बघावा.' चिठ्ठी ड्रेसिंगच्या वहीत खुणेसारखी ठेवली, म्हणजे जाताना मला देता येईल. मग लसीकरणाची मुलं आली, एकाला चक्कर आली, एकीच्या हाताचे टाके काढायचे होते. दोन वाजता सिस्टरांची वेळ संपली. मी अडीचला बाळाला मोठ्या रुग्णालयात पाठवून मोकळा झालो. चिठ्ठी वहीतच राहिली.

रात्र

सरांनी रात्री आठ वाजता मांडीत २८ युनिट घेतले. सांगितलं तसंच केलं.

दोन चाळीसला त्यांच्या पत्नीचा फोन आला. सर घामाने भिजले होते, हात थरथरत होते आणि बोलणं असंबद्ध होतं. ग्लुकोमीटरवर साखर ४६ मिलिग्रॅम. गिळता येतंय का, हे मी आधी विचारलं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नसतं, तेव्हा थेट रुग्णवाहिका बोलवावी लागते. त्यांना गिळता येत होतं. १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून द्यायला सांगितलं आणि फोन न ठेवता १५ मिनिटं थांबलो. ५८ झाली. पुन्हा तेवढंच दिलं. तीन वाजून वीस मिनिटांनी ८४. मग पोटात राहील असं काहीतरी खायला लावलं, कारण मिश्र इन्शुलिनचा मोठा भाग संथ गतीने काम करतो आणि टोचल्यानंतर बरेच तास उतरत नाही. उजाडेपर्यंत त्या दर तासाला साखर मोजत बसल्या. मधुमेह त्यांच्या नवऱ्याला आहे आणि रात्र त्यांनी जागून काढली. आपल्या नोंदींमध्ये हे कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून इथे लिहिलं.

तोपर्यंत मला चिठ्ठीची कल्पना नव्हती. रात्री फोन ठेवताना माझ्या मनात पुन्हा तेच आलं: रात्रीचं जेवण कमी झालं असेल.

सिस्टरांची चाळीस मिनिटं

सकाळी सर आणि काकू दवाखाना उघडायच्या आधीच येऊन बसले होते. सिस्टरांनी मला दारातच गाठलं. हातात चिठ्ठी होती.

"डॉक्टर, ही काल तुम्हाला द्यायची राहिली. मी त्यांना मांडीत घ्यायला सांगितलं होतं."

दोन वाक्यांत सोळा महिने उलगडले. गाठीत टोचलेलं इन्शुलिन रक्तात नीट जात नाही: कधी कमी जातं, कधी उशिरा जातं, कधी अचानक जातं. साखर चढलेली दिसते म्हणून डॉक्टर डोस वाढवतो. मग एके दिवशी तोच वाढवलेला डोस निरोगी जागी जातो आणि पूर्णच्या पूर्ण शोषला जातो. सरांच्या शरीराला ६६ युनिटची गरज कधीच नव्हती. ६६ हा गाठींचा हिशेब होता. त्यातच गळूतला पू निघून गेला होता. संसर्ग उतरला की इन्शुलिनची गरज कमी होते, त्यामुळे त्या रात्री दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या. कुणाचा वाटा किती, हे मोजून सांगता येणार नाही, पण जागा बदलणं हे मोठं कारण होतं याबद्दल मला शंका नाही.

मी सिस्टरांना म्हटलं, "तुम्हीच त्यांना नीट बघा. वेळ लागला तरी चालेल. बाकीची ड्रेसिंग मी करतो." ही अदलाबदल आमच्याकडे पहिल्यांदाच होत होती.

त्यांनी जे केलं ते सविस्तर लिहितो, कारण मला ते येत नव्हतं.

सरांना आडवं झोपवून गुडघे थोडे दुमडायला लावले, म्हणजे पोट सैल पडतं. दिवा बाजूने धरला. तिरक्या उजेडात कातडीचा उंचवटा सावलीमुळे दिसतो, वरून धरलेल्या उजेडात तो हरवतो. बोटांना थोडं जेल लावून, बाहेरून गाठीकडे, हलक्या गोल हालचालीत हात फिरवला. गाठ डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर सापडते. सपाट दिसणाऱ्या कातडीखालीही ती असू शकते. मग दोन्ही ठिकाणी चिमूट घेऊन पाहिली: निरोगी जागी कातडी पातळ घडीत उचलली जाते, गाठीवर ती जाड राहते, धड उचललीच जात नाही. शेवटी सरांना उभं करून पुन्हा तेच. उजवीकडची गाठ ६ बाय ४ सेंटिमीटर, डावीकडची ५ बाय ३. लिहायच्या पेनने कडा आखल्या आणि सरांचा हात धरून त्यांच्याच बोटांनी त्यांना गाठ आणि निरोगी कातडी यांतला फरक दाखवला. सर बराच वेळ हात फिरवत राहिले. "मला वाटलं पोट सुटलंय," ते म्हणाले.

मग सिस्टर म्हणाल्या, "आता नेहमी घेता तसं इन्शुलिन घेऊन दाखवा." सर रोज बारा-तेरा सेकंदांत उरकत असलेल्या त्या कृतीत पाच गोष्टी सापडल्या.

पेन उघडलं तेव्हा सुई आधीच लावलेली होती. "एक सुई किती दिवस वापरता?" "पेन संपेपर्यंत." ३०० युनिटचं पेन ६६ युनिटच्या हिशेबाने साडेचार दिवस पुरतं, म्हणजे एका सुईने नऊ वेळा टोचणं. सुई पहिल्याच वापरानंतर बोथट व्हायला लागते, आणि पेनवर तशीच ठेवली की आत हवा शिरते, इन्शुलिन गळतं. दुसरं, ढगाळ दिसणारं इन्शुलिन त्यांनी मिसळलंच नाही. मिश्र इन्शुलिनमधला संथ भाग तळाला बसतो. पेन तळहातांत दहा वेळा लोळवून आणि दहा वेळा उलटसुलट करून ते एकसारखं दुधाळ करावं लागतं, नाहीतर आज एक मिश्रण जातं आणि उद्या दुसरं. तिसरं, बटण दाबलं की सुई लगेच बाहेर. आत दहा सेकंद थांबायचं असतं. चौथं, सुई ८ मिलिमीटरची होती. कातडीची जाडी सरासरी दोन-अडीच मिलिमीटर असते, माणूस बारीक असो की स्थूल, त्यामुळे ४ मिलिमीटरची सुई प्रौढांना पुरते.

पाचवी गोष्ट सरांनी आपण होऊन सांगितली, तीही मी खोलीबाहेर गेल्यावर. पेनवरचे आकडे त्यांना नीट दिसत नव्हते. ते टकटक आवाज मोजून डोस लावत. काकूंनाही हे माहीत नव्हतं. "डॉक्टरांना काय सांगायचं, शिक्षक माणूस आणि आकडे वाचता येत नाहीत," असं ते सिस्टरांना म्हणाले.

ही गोष्ट मला त्यांनी कधी सांगितली असती असं वाटत नाही. माझ्यासमोर रुग्ण परीक्षेला बसल्यासारखा बसतो: आकडे चांगले आले की सुटला, वाईट आले की सबबी. सिस्टरांसमोर तो बाही वर करून, पोट उघडं टाकून पडलेला असतो, आणि तिथे तो वेगळं बोलतो. याला मी वर्षानुवर्षं 'सिस्टरांचा स्वभाव गोड आहे' असं म्हणत आलो. स्वभाव आहेच. पण प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे, 'घेता का?' न विचारता 'घेऊन दाखवा' का म्हणायचं, कबुली मिळाल्यावर चेहऱ्यावर काय दिसू द्यायचं नाही, हे कौशल्य आहे. ते शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

'इथे दुखत नाही' हे सरांचं वाक्यही फेकून देण्यासारखं नाही. गाठीवर सुई कमी टोचते, म्हणून माणूस पुन्हा पुन्हा तिथेच जातो. इन्शुलिन चरबीच्या पेशींना वाढायला लावतं, बोथट सुईची इजा त्यात भर घालते, गाठ वाढते, आणखी कमी दुखतं. अडाणीपणाचा किंवा आळसाचा इथे संबंध नाही. सहा वर्षं दिवसातून दोनदा स्वतःला टोचून घेणारा माणूस कमी दुखणारी जागा शोधेल, हे कुणालाही समजण्यासारखं आहे.

पुढचे तीन महिने

गाठीवरून निरोगी जागी जाताना डोस साधारण २० टक्क्यांनी कमी करून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. आदल्या रात्रीची ४६ लक्षात घेऊन मी जवळपास चतुर्थांश कमी केला: सकाळी २८, रात्री २२, एकूण ५०. मांड्या आणि पोटाचा गाठी नसलेला भाग यांचे चौकोन पाडून सिस्टरांनी एक नकाशा काढून दिला. दर आठवड्याला एक चौकोन, आणि चौकोनाच्या आत प्रत्येक वेळी मागच्या जागेपासून किमान एक बोट अंतर. ४ मिलिमीटरच्या सुया, प्रत्येक वेळी नवी. डोस लावताना आकडा काकू वाचतील आणि मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख घ्यायची. उशाशी ग्लुकोज.

दर एक दिवसाआड सिस्टर फोन करत. मी त्यांना लेखी मुभा दिली: उपाशीपोटीची साखर १०० च्या खाली सरकत राहिली तर त्या डोस चार युनिटपर्यंत कमी करू शकतात, मला नंतर सांगितलं तरी चालेल. ७० च्या खाली एकही आकडा आला तर मला तत्काळ. वाढवायचा असेल तर आधी मला विचारायचं. कमी करताना झालेली चूक साखर थोडी चढवते, वाढवताना झालेली चूक माणसाला पहाटे दोन चाळीसला घामाने भिजवते, म्हणून मुभा एकाच दिशेला. परिचारिकेने कुठपर्यंत निर्णय घ्यावा हे जिथला तिथला कायदा आणि तिचं प्रशिक्षण ठरवतं. काही देशांत जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका औषधंही लिहून देतात. माझं म्हणणं एवढंच की जी काही मुभा असेल ती कागदावर असावी. तोंडी दिलेली मुभा अडचणीच्या वेळी कुणाच्याच आठवणीत नसते.

दहाव्या दिवशी सिस्टरांनी रात्रीचे २२ चे १८ केले. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळचे २८ चे २६ केले. एकूण ४४ युनिट. त्यानंतर साखर ७० च्या खाली गेली नाही. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ७.८. इन्शुलिन एक तृतीयांशाने कमी आणि साखर सोळा महिन्यांतली सर्वांत चांगली. आहारात आम्ही काहीही बदललं नव्हतं. निकालाचा कागद घेऊन मी बाहेर गेलो आणि काकूंची माफी मागितली. चूक त्यांच्या मोजून वाढण्यात नव्हती, हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं होतं.

चिठ्ठी कुठे अडकली

त्या शुक्रवारी दुपारी आम्ही दोघं बसलो. सिस्टर म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी त्यांना थांबवून ठेवायला हवं होतं."

"तुम्ही चिठ्ठी लिहिली होती."

"चिठ्ठी लिहिली म्हणजे सांगितलं असं होत नाही, डॉक्टर."

मी त्यावर वाद घातला नाही. पण दोष तिथेच संपवायला माझी तयारी नव्हती. विचार करा: ज्या बाईंनी सोळा महिन्यांचं कोडं बोटांनी सोडवलं, त्यांना ते लिहायला फाइलमध्ये जागाच नव्हती. फाइल माझी. वजन, रक्तदाब, तापमान यांचे चौकोन त्या भरत, बाकी पान माझ्या अक्षराचं. त्यांच्या निरीक्षणाला ड्रेसिंगची वही, आणि ती वही मी कधी उघडत नाही. बंद दार वाजवायचं कधी, याचा नियम नव्हता. बाळाला दम लागलाय तेव्हा 'पोटावर गाठी आहेत' हे सांगायला आत यावं की नाही, हे त्यांनी एकटीने, उभ्या उभ्या ठरवायचं होतं. आणि इन्शुलिनची जागा तपासणं हे काम कुणाचं, हे तर आम्ही कधी बोललोच नव्हतो. मला वाटायचं, पेन देताना कुणीतरी शिकवलं असेल. सहा वर्षांपूर्वी कुणीतरी एकदा शिकवलंही असेल.

हे फक्त आमच्याकडेच घडत असेल असं समजायचं कारण नाही. स्पेनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या ४३० रुग्णांची तपासणी झाली, ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६४.४ टक्के लोकांना अशा गाठी होत्या. गाठी असणाऱ्यांपैकी ३९.१ टक्के लोकांची साखर कारण न कळता खाली जात होती. गाठी नसणाऱ्यांत हेच प्रमाण ५.९ टक्के होतं. दवाखान्यातल्या ज्या माणसाचा हात रुग्णाच्या पोटापर्यंत रोज पोहोचतो, त्याच्याकडे हे शोधण्याचं काम आणि वेळ दोन्ही असायला हवं, हे या आकड्यांवरून मला सरळ दिसतं.

वेळेचा मुद्दा मी मुद्दाम काढतो आहे. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात १८ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, ज्यांत प्राथमिक आरोग्यसेवेत आलेल्या रुग्णांना डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित परिचारिकांनी पाहिलं होतं. रुग्णांची तब्येत बरोबरीची किंवा काही बाबतींत थोडी सरस राहिल्याचं दिसलं, समाधान जास्त होतं, आणि प्रत्येक भेट लांबली होती. ही लांबी वाया गेलेली नाही, असं मला सरांच्या प्रकरणानंतर वाटतं. पण ती मिनिटं कुणीतरी मोकळी करून द्यावी लागतात. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात परिचारिका दिसू लागल्या त्यामागे १९६६ चा करार होता: मदतनीसांच्या पगाराचा ७० टक्के भाग डॉक्टरांना परत मिळू लागला. सिस्टर हव्यात हे सगळ्यांना आधीही कळत असेल, पण पगाराची सोय झाल्यावर त्या आल्या. आमच्या दवाखान्यात पगार आधीपासून होता. मोकळी मिनिटं नव्हती, आणि ती देणं माझ्या हातात होतं.

आम्ही जे बदललं ते फार नाही. प्रत्येक फाइलमध्ये पहिलं पान आता पिवळं आहे आणि ते सिस्टरांचं आहे. ते वाचल्याशिवाय मी औषधाचं पान उलटत नाही. त्यांनी त्यावर 'थांबा' लिहिलं असेल तर रुग्ण माझ्याशी बोलणं होईपर्यंत घरी जात नाही, आणि त्यासाठी दार वाजवायचं, आत कुणीही असो. इन्शुलिनची जागा बदलायला सांगायची तर त्याच भेटीत डोस ठरला पाहिजे. आणि आठवड्यातल्या दोन दुपारी इन्शुलिन घेणाऱ्यांसाठी सिस्टरांची स्वतःची वेळ असते, प्रत्येकी वीस मिनिटं. त्या वेळात ड्रेसिंग आणि इंजेक्शनं मी करतो. सुरुवातीला रुग्ण बाहेर कुरकुरत, "डॉक्टर, आज तुम्ही ड्रेसिंग करणार?" माझा हात सिस्टरांइतका हलका नाही, हे खरंच आहे.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. सिस्टर रजेवर असतात तेव्हा पिवळं पान कोरं राहतं. बदली म्हणून येणाऱ्या परिचारिकेला रक्तदाब आणि इंजेक्शनं यांपलीकडे काही विचारायची सवय मला लागलेली नाही, आणि तिलाही आमच्याकडे काय बोलायची मोकळीक आहे हे ठाऊक नसतं.

मागच्या महिन्यात सर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आले होते. पेनवरचा आकडा त्यांनी सिस्टरांना स्वतः वाचून दाखवला. नंतर फाइल माझ्यासमोर आली. पिवळ्या पानावर लिहिलं होतं: 'डावी गाठ मऊ पडली आहे, कडा लागत नाहीत. उजवी ३ बाय २ उरली आहे. जागा व्यवस्थित बदलतात, नकाशा सोबत आणतात. सुया मात्र महिनाअखेरीला कमी पडतात, तेव्हा एक सुई दोनदा वापरतात. जास्त लिहून द्याव्यात.'

मी पान उलटलं आणि महिन्याच्या साठ सुयांच्या जागी सत्तर लिहिल्या.